‘तुम्ही कॉलेजसाठी किती तयार आहात?’ हा फॉर्म वाटणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर, मॅडम आणि समुपदेशन करणारे तुम्ही सगळे,

नमस्कार. मी मागच्या बॅचची, तिसऱ्या बाकावरची. कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलंय. तक्रार करायला लिहीत नाहीये, म्हणजे थोडी आहे, पण ती येईलच पुढे ओघात.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आम्हाला एक फॉर्म दिला होता आठवतंय का? वर मोठ्या अक्षरात ‘कॉलेजसाठी माझी तयारी’, खाली दहा वाक्यं आणि प्रत्येकापुढे १ ते ५ आकडे, गोल करायचे. ‘मी स्वतःचा अभ्यास स्वतः करू शकतो/शकते.’ ‘मी वेळेचं नियोजन करू शकतो/शकते.’ असलं सगळं. घंटा व्हायला पाच-सात मिनिटं होती, बाहेर ग्रुप फोटोची गडबड चालू होती, मी पेन उचललं आणि धडाधड पाचाला गोल, पाचाला गोल, पाचाला गोल. सगळे पाच बरे दिसत नाहीत म्हणून एका ठिकाणी मुद्दाम चार केला, म्हणजे प्रामाणिक वाटेल. दहा प्रश्न, तीन मिनिटं, खेळ खलास.

माझ्या शेजारची मैत्रीण मात्र खोडरबर घेऊन बसली होती. वेळेच्या नियोजनापुढे तिने आधी ३ केला, खोडला, २ केला, मग पेन्सिलीने बारीक अक्षरात बाजूला लिहिलं, ‘कोणी आठवण करून दिली तर ४’. त्या फॉर्मवर शेऱ्याला जागासुद्धा नव्हती, तिने समासात लिहिलं. दोन दिवसांनी तिला बोलावून घेतलं आणि प्रेमाने समजावलं की बाळा, कॉन्फिडन्स वाढव. मला शाब्बास मिळालं.

आणि पहिल्या सेमिस्टरला गटांगळ्या कोणी खाल्ल्या? मी. ती नाही. तिलाही त्रास झाला, रडलीसुद्धा एकदा फोनवर, पण तिला निदान माहीत होतं की आपलं घोडं कुठे अडणार आहे, त्यामुळे तिने आधीच तजवीज केलेली, भिंतीवर तारखा, फोनमध्ये अलार्म, अभ्यासाला एक जोडीदार. माझ्याकडे फक्त पाचाचे गोल होते. म्हणजे बघा, तिचा २ ही माहिती होती आणि माझा ५ हा त्या दिवशीचा मूड होता, आणि तुम्ही माहितीला समजावलं आणि मूडला शाबासकी दिलीत. हीच ती तक्रार, आली बघा ओघात.

आता मी तो ५ कुठून आणला यावर वर्षभर विचार केलाय. खोटं नव्हते बोलत हो मी. मला खरंच वाटत होतं. माझ्याकडे पुरावा होता ना, मार्क! मार्क चांगले होते. पण ते मार्क कसल्या जगात मिळाले होते ते बघा. कुठला धडा महत्त्वाचा ते तुम्ही सांगायचात. वही कधी द्यायची ते फळ्यावर लिहिलेलं असायचं, आदल्या दिवशी तोंडी आठवण, त्या दिवशी परत आठवण, आणि तरी राहिली तर ‘उद्या आण’. उत्तर कसं लिहायचं त्याचा नमुना मिळायचा. परीक्षेत जे यायचं ते वर्गात तीनदा होऊन गेलेलं असायचं. हे सगळं तुम्ही मायेने केलंत, मी नावं ठेवत नाहीये, पण त्यातला माझा वाटा किती आणि तुमचा किती हे मला कधी दिसलंच नाही. त्या मार्कांमध्ये निम्म्या तुमच्या आठवणी होत्या आणि मी त्या सगळ्या माझ्या खात्यावर जमा धरल्या.

कॉलेजात पहिल्या दिवशी एक कागद मिळाला, पूर्ण सेमिस्टरचा सिलॅबस, कधी काय वाचायचं, कधी काय द्यायचं, सगळं त्यात. मी तो नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवला. सांभाळून ठेवायचं डॉक्युमेंट असतं असं वाटलं मला! पाचव्या आठवड्यात सगळे उठून पुढे जाऊन काहीतरी ठेवून येतायत, मी शेजारच्याला विचारते काय चाललंय, तो म्हणतो असाइनमेंट. कोणती? सिलॅबसमध्ये आहे ना. कोणी बोललंच नव्हतं त्याबद्दल, एक अक्षर नाही.

त्यानंतरची पहिली टेस्ट. आदल्या रात्री मी चॅप्टर तीन वेळा वाचला. तीन वेळा! पिवळा हायलायटर, मग त्यातलं महत्त्वाचं गुलाबी. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळीला ‘हो, हे येतंय, हे पण येतंय’ असं होत होतं आणि मी मनात ऐंशीच्या वर मार्क धरून झोपले. दुसऱ्या दिवशी पेपर हातात आल्यावर मला काय आठवलं माहितीये? ती व्याख्या डाव्या पानावर खालच्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर गुलाबी होतं. बस. कोपरा आठवला, रंग आठवला, व्याख्या नाही. एक्केचाळीस मिळाले.

मी आधी स्वतःला मठ्ठ म्हणून घेतलं, मग जरा शोधाशोध केली तर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही, यावर लोकांनी बरंच काम करून ठेवलंय. २००८ साली कार्पिक आणि रोडिगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द अर्थासकट पाठ करायला दिले. शब्द एकदा बरोबर आठवला की पुढे काही जणांना तो पुन्हा पुन्हा आठवून बघायला लावला, काही जणांना तो नुसता पुन्हा पुन्हा वाचायला दिला. मग विचारलं, आठवड्याने किती आठवेल? सगळ्या गटांचा अंदाज साधारण सारखाच, निम्मे. आठवड्याने प्रत्यक्षात आठवून बघणाऱ्यांना ८० टक्क्यांच्या आसपास आठवले आणि नुसतं वाचणाऱ्यांना साधारण एक तृतीयांश. मला यातला मार्कांचा फरक तेवढा धक्कादायक नाही वाटला, धक्का बसला तो अंदाज सारखाच होता याचा. म्हणजे ज्याला येतंय आणि ज्याला येत नाहीये त्या दोघांना आतून अगदी एकसारखंच वाटत होतं. आणि तुमचा फॉर्म नेमकं तेच विचारतो, आतून कसं वाटतंय.

तुम्ही वर्गात शिकवून झालं की ‘समजलं का?’ विचारायचात आणि आम्ही एका सुरात ‘होऽऽ’. तो होकार खरा असायचा बरं का, त्या क्षणी खरंच समजलेलं असायचं, कारण फळा समोर असायचा. नेल्सन आणि डनलॉस्की यांचं १९९१चं संशोधन आहे की पाठ केल्या केल्या लगेच ‘हे तुला पुढे आठवेल का’ विचारलं तर अंदाज चुकतो, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं तर तोच माणूस खूपच अचूक सांगतो. साधी गोष्ट आहे. तोच ‘समजलं का?’ दुसऱ्या दिवशी, वही न उघडता विचारला असतात तर तो होऽऽ इतका लांब आला नसता.

आता ते डनिंग-क्रुगरचं पण बोलून टाकते कारण हल्ली कोणाशी वाद झाला की नेटवर लोक हेच एकमेकांच्या तोंडावर फेकतात, तुला काही येत नाही म्हणून तुला सगळं येतंय असं वाटतं, वगैरे (फेकणारे स्वतः कुठल्या गटात हे कोणी विचारत नाही). डनिंग आणि क्रुगर या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा शोधनिबंध आहे तो. तर्क, व्याकरण अशा टेस्टमध्ये सगळ्यात खालच्या पाव भागातले विद्यार्थी सरासरी १२व्या पर्सेंटाइलला होते, म्हणजे शंभरातल्या जेमतेम बारा जणांच्या पुढे, आणि त्यांना वाटत होतं आपण ६२व्याला आहोत. यातला काही भाग नुसता आकडेवारीचा खेळ आहे असा आक्षेप नंतर बऱ्याच जणांनी घेतलाय, तो वाद चालू राहू दे. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात ज्या कोणी शेअर करत नाही. एक म्हणजे सगळ्यात वरच्या पाव भागातल्यांनी स्वतःला कमी धरलं होतं, माझ्या मैत्रिणीसारखं. आणि दुसरी म्हणजे खालच्या मुलांना तर्काचं थोडंसं ट्रेनिंग दिल्यावर त्यांना आपलेच आधीचे पेपर जास्त नीट जोखता आले. म्हणजे त्यांना लेक्चर नाही दिलं की गर्व करू नका, त्यांना काम शिकवलं, आणि काम कळल्यावर आपण कुठे आहोत हे आपोआप कळलं.

वेळेचं तर विचारूच नका. पहिला मोठा निबंध लिहायचा होता, मी हिशोब केला, दोन संध्याकाळी. एक वाचायला, एक लिहायला. वाचायचं होतं चाळीस पानं. पहिल्या संध्याकाळी माझी नऊ पानं झाली, आणि त्या नऊ पानांत लेखक नक्की कुणाच्या बाजूने बोलतोय हेच मला कळेना, कारण शाळेत धड्याखाली प्रश्न असायचे आणि प्रश्न वाचला की कुठे बघायचं ते कळायचं. इथे खाली प्रश्नच नाहीत! नुसतं वाचायचं. आणि वर्गात विचारतात काय, ‘तुम्हाला यातलं काय पटलं नाही?’ अख्खा वर्ग गप्प. छापून आलेलं न पटायला परवानगी असते हे आम्हाला नवीन होतं. असो, निबंधाला सहा संध्याकाळी लागल्या आणि शेवटची पहाटे चारला संपली. इथेही मी एकटी नाही, १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं किती दिवस लागतील, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळं चुकत गेलं तर? तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. सगळं चुकत गेलं तर जेवढे लागतील त्याहून जास्त! आणि ही प्रबंध लिहिण्यापर्यंत पोचलेली मुलं होती, आम्ही तर काय शाळेतून नुकते सुटलेले.

पण सर, मॅडम, सगळ्यात जास्त मला ज्याने छळलं ते अभ्यासाचं नव्हतंच. सिलॅबसच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं ‘ऑफिस अवर्स: ३ ते ५’. मला वाटलं ही प्राध्यापकांची ऑफिसच्या कामाची वेळ, म्हणजे या वेळात त्यांना डिस्टर्ब करायचं नाही. अडीच महिने मी नेमकी ३ ते ५ मध्ये त्या कॉरिडॉरकडे फिरकले नाही, इतकी शहाणी! अर्थ नेमका उलट आहे, त्या वेळात विद्यार्थ्यांनी जाऊन शंका विचारायच्या असतात, हे कळलं ते एका मुलाच्या बोलण्यातून, त्याची आई स्वतः कॉलेजात शिकवते, तो पहिल्या आठवड्यापासून जात होता. मग धीर करून ई-मेल लिहायला बसले. पाऊण तास. सुरुवात कशी करायची, स्वतःची ओळख किती द्यायची, ‘मला काहीच समजत नाहीये’ हे कुठे घालायचं. चार परिच्छेद झाले आणि मूळ प्रश्न कुठेच नव्हता, ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी सगळं पुसून दोन ओळी पाठवल्या. उत्तर आलं तीन शब्दांचं, ‘हो, जरूर या.’

डेव्हिड कॉन्ली नावाच्या अभ्यासकाने २००७ मध्ये कॉलेजच्या तयारीचे चार भाग सांगितले होते. विचार करायच्या पद्धती, विषयाचं ज्ञान, स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळायच्या सवयी, आणि चौथा म्हणजे कॉलेज नावाची यंत्रणा कशी चालते, कोणाला काय आणि कसं विचारायचं याची माहिती. हा चौथा भाग ज्यांच्या घरात कोणी कॉलेजला गेलेलं असतं त्यांना फुकटात मिळतो, गप्पा ऐकता ऐकता. बाकीच्यांना तो मिळत नाही आणि वाईट म्हणजे आपल्याला काय मिळालं नाहीये हेही कळत नाही, त्यांना वाटतं आपल्याला डोकंच कमी आहे. मी फॉर्मवर ‘मला कॉलेजबद्दल पुरेशी माहिती आहे’ यापुढे ५ केला होता. अहो जी गोष्ट असते हेच माहीत नाही ती माहीत नाही हे कोण कसं सांगणार? ऑफिस अवर्स हा शब्द मी त्याआधी ऐकलेलाच नव्हता, तर तो मला येत नाही याचं गोल मी कशावर करायचं होतं?

तुम्ही म्हणाल, मग काय मुलांचा कॉन्फिडन्स मोडायचा का. अजिबात नाही. आपल्याला जमेल असं ज्याला वाटतं तो अडलं तरी जास्त वेळ टिकतो, बॅन्डुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ पासून हेच मांडलंय आणि माझ्या वर्गातही मी बघितलंय, काही मुलं पहिल्याच खराब टेस्टनंतर यायची बंद झाली. आणि कृपा करून त्या फॉर्मवरून कोणाला ‘हा तयार नाही’ असा शिक्का मारू नका, स्वतःला २ देणाऱ्या मुलाने त्या २ मुळे अर्जच भरला नाही असं झालं तर तो फॉर्म नसलेला बरा. मी म्हणतेय ते एवढंच की ‘मला नव्वद पडतील’ हा एक कॉन्फिडन्स झाला आणि ‘अडलं तर काय करायचं ते मला माहितीये, मी एकदा केलंय’ हा दुसरा. पहिला एका टेस्टमध्ये गेला माझा. दुसरा आत्ता कुठे यायला लागलाय, आणि तो सांगून नाही आला, करून आला.

म्हणून मागणी अशी आहे. फॉर्म बंद नका करू, पण शेवटच्या आठवड्यात आणि फोटोच्या गडबडीत नको, वर्षाच्या सुरुवातीला द्या. आणि त्याच्यासोबत एक खरं काम द्या. वीस-पंचवीस पानांचा लेख, खाली प्रश्न नाहीत, नमुना उत्तर नाही, दहा दिवसांनी दोन पानं लिहून द्यायची, आणि मधल्या दहा दिवसांत तुम्ही त्याचा ‘त’सुद्धा उच्चारायचा नाही. (तुम्हाला हे आमच्यापेक्षा जड जाईल, मला माहितीये, तुमचं तोंड शिवशिवेल.) काम देतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या, किती तास लागतील आणि कसं होईल असं वाटतंय. मग तपासून झाल्यावर ती चिठ्ठी आणि तो पेपर एकत्र परत द्या. मार्क धरू नका, मार्क धरले की आम्ही चिठ्ठीसुद्धा तुम्हाला आवडेल अशी लिहू, आम्ही काय कमी आहोत. असं वर्षातून तीनदा. पहिल्यांदा बऱ्याच जणांच्या चिठ्ठीत आणि पेपरात जमीन-अस्मानाचा फरक असेल आणि वर्गात जाम हशा होईल, होऊ दे. तिसऱ्यांदा बघा काय होतं. काही जणांना, माझ्या मैत्रिणीसारख्यांना, उलटंच कळेल, की आपण स्वतःला उगाच दोन देत होतो.

अजून एक. दरवर्षी तुम्ही जुन्या विद्यार्थ्यांना भाषणाला बोलावता, नेहमी टॉपर. ते सांगतात मेहनत करा, टाइम टेबल करा, मोबाइल बाजूला ठेवा. आम्ही टाळ्या वाजवतो. एखाद्या वर्षी एक्केचाळीसवाल्यांना बोलवा की. मी येते, माझा तो पेपर घेऊन येते, लाल पेनासकट, हवं तर प्रोजेक्टरवर लावा. सिलॅबसचा कागदही आणते, तो अजून एकदम नवा आहे, घडीसुद्धा मोडली नाही बिचाऱ्याची. मुलांना तो हातात घेऊन बघू दे, त्यातल्या तारखा स्वतः शोधू दे.

आणि ते जुने फॉर्म तुम्ही ठेवले असतील ना कुठेतरी कपाटात? फेकले नसतील तर पुढच्या वर्षीपासून एक करा, मुलं कॉलेजला गेली की पहिल्या सेमिस्टरनंतर प्रत्येकाला त्याचा त्याचा फॉर्म परत पाठवा, काही शेरा नको, नुसता फोटो काढून पाठवा. माझ्यापासून सुरू केलंत तरी चालेल. मला खरंच बघायचाय तो. नऊ पाच आणि एक चार, तो चार मी दिसायला बरा म्हणून दिला होता पण नक्की कशापुढे दिला होता ते आता काही केल्या आठवत नाहीये. ‘गरज पडली तर मी मदत मागतो/मागते’ यापुढे असेल तर मला सांगा, मी त्या मैत्रिणीला फोन करून सांगणारे.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची, खिडकीकडची